शुक्रवारचं उघडं दार

शनिवार, १४ सप्टेंबर

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

ह्यांच्या कारखान्यातल्या कोऱ्या वह्या अजून चार शिल्लक आहेत. हे गेले त्याला चार वर्षं झाली, कारखानाही उठला, पण वह्या चांगल्या जाड कागदाच्या. फुकट जायला नकोत म्हणून रोजनिशी त्यातच लिहिते, दोन्ही बाजूंनी.

गौरी-गणपती नीट पार पडले. एकवीस मोदक सुनेनेच केले, कळ्या एकसारख्या. राजश्रीचं हे असं आहे, बोट ठेवायला जागा म्हणून देत नाही. येऊन सहा वर्षं झाली. इथे इंग्लंडात, स्लाऊला, आली तेव्हा फार्मसीतलं इंग्रजी बोलताना अडखळायची, आता माझ्या नंदूपेक्षा बरं बोलते. तिचा कायमचा व्हिसा तेवढा राहिला. फी ऐकून मीच म्हटलं, घाई काय आहे, बायको म्हणून मिळालाय तोच पुढे चालू दे.

आज माझी मुलगी मंजिरी तिच्या लेकीला माझ्याकडे सोडून कामावर गेली. तनिषा आता सतरा वर्षांची. शाळेत तिला इतिहासावर वीस मिनिटं बोलायचंय, त्याचा सराव दर शनिवारी माझ्यासमोर करणार. म्हणते, "आजी, तुला समजलं तर सगळ्यांना समजेल." मी मॅट्रिक पास आहे हे तिला कुणी सांगितलेलं दिसत नाही.

विषय स्पेनमधले मूर लोक. म्हणजे मुसलमान. आठशे वर्षं तिथे राहिले, पाण्याचे पाट काढले, बागा केल्या, हमामखाने बांधले. मग ख्रिश्चन राजाराणीने त्यांचं शेवटचं शहर घेतलं आणि वचन दिलं की तुमचा धर्म तुम्ही पाळा. दहा वर्षांत वचन मोडलं. बाप्तिस्मा घ्या नाहीतर चालू लागा. बहुतेकांनी घेतला. मी म्हटलं, मग झालं की, प्रश्न मिटला. तनिषा म्हणाली, नाही आजी, तिथून तर स्टार्ट होतो.

शनिवार, २१ सप्टेंबर

आज ऐकताना मजा आली. बाप्तिस्मा घेतलेल्यांवर कुणाचा विश्वासच नव्हता. नव्याने धर्मात आलेले म्हणून त्यांना वेगळं नाव होतं, आणि नातवंडं झाली, पणतवंडं झाली तरी ते नव्यानेच आलेले. मग चर्चने याद्या वाचून दाखवायला सुरुवात केली. शेजारच्या घरात काय दिसलं तर येऊन सांगायचं. शुक्रवारी धुतलेले कपडे घातले का. डुकराचं मांस ताटात बाजूला सरकवून ठेवलं का. फार वेळा अंघोळ केली का. हाताला मेंदी आहे का. आणि पाद्र्याने बाळाच्या कपाळाला पवित्र तेल लावलं की घरी आणून ते गुपचूप धुऊन टाकतात का.

राजश्री ओट्याशी लसूण सोलत होती. तिने बोट कापून घेतलं. इतकी वर्षं सुरी हातात धरतेय, कधी कापलं नव्हतं.

शेवट तनिषाने घाईत सांगितला. चारशे वर्षांमागे राजाने ठरवलं, सगळ्यांना हाकला. तीन लाख माणसं. सेव्हिल नावाच्या बंदरात हुकूम असा की आफ्रिकेला जायचं तर सात वर्षांखालची मुलं इथेच ठेवून जा. आयांनी मुलं धक्क्यावर ठेवली आणि बोटीत बसल्या. हे ऐकून माझ्या डोळ्यांना पाणी आलं, देवाशपथ.

राजश्रीने विचारलं, "मग नंतर कधी दिली का मुलं परत?"

तनिषा म्हणाली, नोट्समध्ये नाहीये, मामी.

मी विचारलं, सातच का. तर म्हणे सातच्या आत असलं की मूल सगळं विसरतं. हे मला पटलं. मंजिरीला सहाव्या वर्षापर्यंतचं काही आठवत नाही.

मंगळवार, २४ सप्टेंबर

मी रोज सकाळी पूजा झाली की नातवाच्या, समरच्या, कपाळाला अष्टगंध लावते. शाळेतून येतो तेव्हा नसतं. मला वाटायचं खेळताना जातं. आज खिडकीतून पाहिलं. फाटकापाशी राजश्री वाकली, पिशवीतून ओला रुमाल काढला, त्याचं कपाळ पुसलं. मग तिथेच ओठ टेकले.

म्हणजे रुमाल घरातूनच ओला करून नेते.

शुक्रवार, २७ सप्टेंबर

वहीच्या मागच्या बाजूने नवं पान घेतलं. रकाने आखले: तारीख, काय पाहिलं, किती वाजता. मनात संशय ठेवून वागणं पाप आहे, त्यापेक्षा कागदावर असलेलं बरं. खोटं निघालं तर पान फाडून चूल... इथे चूल कुठली, रिसायकलिंगमध्ये टाकीन.

कपाळ पुसणे, या आठवड्यात चार वेळा.

शनिवार, १२ ऑक्टोबर. दसरा

सकाळी सोनं वाटलं, पाटावर सरस्वती काढली. राजश्रीने सगळं केलं, वाकून नमस्कारही केला. मग अकराला म्हणाली मैत्रिणीकडे जेवण आहे. पांढरी साडी. सणाला पांढरी साडी कोण नेसतं. न्यायला मैत्रीण आली ती गाडीतून उतरलीच नाही. तिच्या अंगावरही पांढरीच. नाव विचारलं तर राजश्री म्हणाली, धम्मशीला, आमच्या फार्मसीत आहे. समरलाही घेऊन गेली. संध्याकाळी पोरगा खिरीचा वास घेऊन आला.

तनिषा दुपारी होती. आज दोन नव्या गोष्टी कळल्या. एक, ते लोक मुलांना चर्चमध्ये एक नाव द्यायचे आणि घरात हाक मारायला दुसरं. दुसरं, राजाने कायदा केला होता की शुक्रवारी त्यांनी घराची दारं उघडी ठेवायची, म्हणजे आत काय चाललंय ते येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल.

मी म्हटलं, ज्याच्या मनात पाप नाही त्याला दार उघडं ठेवायला काय होतंय. तनिषा माझ्याकडे बघतच राहिली. "आजी, तू कोणाच्या साइडला आहेस?"

मी कुणाच्याच नाही. मी ऐकतेय.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

वरच्या खोलीच्या भिंतीला बुरशी धरायला लागली, या घरांना ओल फार. हीटिंग मी सहा ते आठच लावते, सारखं लावून काय करायचं, स्वेटर आहेत. तेव्हा हवा खेळायला हवी. राजश्रीला सांगितलं, शुक्रवारी तुझी सुट्टी असते, त्या दिवशी तरी खोलीचं दार उघडं ठेवत जा. नंदूला सांगून कडीचे स्क्रू काढून घेतले. त्याने विचारलं नाही कशाला. माझा मुलगा चाळिशी ओलांडली तरी शब्दाबाहेर नाही.

राजश्री म्हणाली, "आई, कपडे बदलायचे असतात."

म्हटलं, बाथरूमला कडी आहे की.

आजची नोंद: दुपारी समरला कुशीत घेऊन पुटपुटत होती. मी जिन्यात उभी होते. त्याला "सम्यक" म्हणाली. दोनदा. पोरगा हसला आणि "हं" म्हणाला.

शुक्रवार, १ नोव्हेंबर. लक्ष्मीपूजन

पूजा सुरेख झाली. शंकरपाळ्या, चकल्या, कडबोळी, सगळं राजश्रीने. सीमा शेजारून आली होती, म्हणाली, अशी सून शोधून मिळणार नाही. मी मनात म्हटलं, तेच तर. आपल्या घरात वाढलेली मुलगी एखादी गोष्ट विसरते, आळस करते, आईने असं सांगितलं नव्हतं म्हणते. हिचं कधीच काही चुकत नाही. पाठ केल्यासारखं.

तनिषा सांगते, स्पेनमध्ये नोकरी हवी तर रक्त शुद्ध असल्याचा दाखला लागायचा. माणसं गावोगाव जाऊन म्हाताऱ्यांना विचारायची, ह्याचा आजा कोण, पणजा कोण.

लग्नाच्या वेळी घाई झाली. नंदूचं वय निघून चाललं होतं, मुलगी वेबसाइटवर त्यानेच शोधली, जाधव म्हटल्यावर मीही पुढे विचारलं नाही. जाधव आपल्यातही आहेतच.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

जालन्याच्या मावसभावाला फोन केला. तो म्हणाला, आडनावावर जाऊ नकोस, घर गावाच्या कुठल्या अंगाला आहे ते मी बघून येतो.

आज पोथीचं पारायण संपलं. मन शांत आहे.

शनिवार, १६ नोव्हेंबर

भावाचा फोन आला. राजश्रीचे वडील कडूबा जाधव, पोस्टातून रिटायर झाले, आता औरंगाबादला राहतात. गावातलं घर मात्र ओढ्यापलीकडे. एवढंच म्हणाला. मी फोन ठेवला.

तनिषाला आज म्हटलं डोकं दुखतंय, ऐकणार नाही.

शुक्रवार, ६ डिसेंबर

मला आधीच वाटत होतं आज काहीतरी सापडणार. मोजे घालून जिना चढले. दार उघडं होतं, पण ती खोलीत नव्हती. बाथरूममध्ये होती, आणि कडी लावायला विसरली होती. इतके दिवस बरोबर वागून माणूस एक दिवस विसरतंच.

कमोडच्या झाकणावर पांढरा रुमाल अंथरलेला. त्यावर वीतभर बुद्धाची मूर्ती आणि पासपोर्टएवढा फोटो. निळा कोट, चष्मा. कुणाचा ते या वहीत लिहीत नाही. पुढे मेणबत्ती. समर मांडी घालून फरशीवर, हात जोडलेले. त्याला सगळं पाठ होतं. मी शिकवलेली रामरक्षा महिनाभर घोकून आली नाही आणि हे पाठ होतं.

सहा वर्षं माझ्या देव्हाऱ्याला हिचे हात लागले. माझ्या चुलीला. नैवेद्याला.

मी ओरडले नाही. मेणबत्ती फुंकली. अर्धी उरली होती, ती ड्रॉवरमध्ये ठेवली, लाइट गेले तर उपयोगी पडेल.

संध्याकाळी नंदू आल्यावर दोघांना समोर बसवलं. राजश्री म्हणाली, "आई, मी सहा वर्षं तुमचं सगळं मनापासून केलं. माझं एवढंसंच ठेवलं होतं. तेही बाथरूममध्ये."

म्हटलं, "म्हणजे लपवायचं होतं हे तुला कळत होतं."

मग तिने नंदूकडे पाहिलं. "अहो, तुम्ही सांगा ना आईंना. लग्नाआधी आपलं काय बोलणं झालं होतं ते."

नंदू फोनमध्ये बघत होता. चहा संपवला. "मग आता काय करायचं?" असं मला विचारलं. हे कसं, कधीपासून, एक प्रश्न नाही. धक्का बसलाय बिचाऱ्याला. मुलीकडच्यांनी त्यालाही फसवलं.

शनिवार, १४ डिसेंबर

देव मार्ग काढतो. राजश्रीच्या आईचं, विमलाबाईंचं, हृदयाचं ऑपरेशन जानेवारीत ठरलंय. तिला जायचंय, समरला घेऊन. मी म्हटलं, जा गं, आईच ती. मात्र पोराची शाळा बुडवायची नाही. ती म्हणाली, दोनच आठवडे. तेव्हा सांगितलं की त्याचा पासपोर्ट नंदूने रिन्यूला पाठवलाय.

पासपोर्ट देव्हाऱ्याच्या खणात आहे, वातींच्या डब्याखाली. देवासमोर मी खोटं बोलले नाही. स्वयंपाकघरात बोलले.

माझ्या सांगण्यात तिला गोडवा दिसला की काय कोण जाणे, एकदम माझे पाय धरले. म्हणाली, मला वाटलं होतं तुम्ही मला माफ करणार नाही. मी पाय मागे घेतले, नंतर धुतले.

शनिवार, ४ जानेवारी

राजश्री गेली. प्रवासाला दशम्या आणि लसणाची चटणी बांधून दिली, माझी करडी शालही दिली. कुणी म्हणायला नको की रिकाम्या हाताने पाठवलं. बांगड्या आणि मंगळसूत्र ठेवून घेतलं, एकटी बाई, रस्त्यात कशाला.

जाण्याआधी तिने फ्रिजवर कागद चिकटवला. समरचा दम्याचा पंप कधी द्यायचा, आधी निळा की तपकिरी. दही साखर घालून नाही, मीठ घालून. झोपताना डाव्या कुशीवर, पाठीवर हात फिरवायचा, वरून खाली. खोकला आला तर खिडकी बंद. दोन्ही बाजूंनी लिहिलेलं असतं तर कागद तरी वसूल झाला असता.

दारात समरला म्हणाली, एकवीस दिवस. त्याच्या बोटांवर मोजून दाखवत होती, बोटं पुरेनात तेव्हा स्वतःची लावली. मग पुन्हा त्याचं कपाळ पुसलं, माझ्यासमोर. मी पुसू दिलं. शेवटचंच होतं.

नंदू हीथ्रोला सोडून तासाभरात परत आला. म्हटलं, रडली का. म्हणाला, नाही, थँक्यू म्हणाली.

मंगळवार, १४ जानेवारी. संक्रांत

नंदूने होम ऑफिसला, म्हणजे इथल्या व्हिसाच्या खात्याला, कळवलं. संबंध संपला, घरी राहत नाही. फॉर्म सोपा होता म्हणे. अकाउंट त्याच्याच ईमेलवर आहे, त्यामुळे उत्तर तिला जाणार नाही.

तिळाची वडी यंदा मीच केली. पाक पुढे गेला, दगड झाला. ती किती उकळायची ते विचारायचं राहिलं.

रविवार, २६ जानेवारी

तिला मुंबईलाच विमानात बसू दिलं नाही. काउंटरवरच्या मुलीने सांगितलं, तुमचा व्हिसा नाही. नंदूच्या फोनवर बावीस वेळा रिंग आली. त्याने नंबर बंद करून टाकला आणि गाडी धुवायला गेला. पाऊस पडत असताना.

दुपारी घरच्या फोनवर तिचे वडील. फार हळू बोलत होते. "ताई, आमची लेक वाईट असंल, आम्ही वाईट असू. लेकराचं तोंड तेवढं फोनवर दाखवा तिला. जेवत नाही ती." म्हटलं, ताई म्हणू नका, तुमची-माझी ओळख नाही. ते म्हणाले, "बरं बाई. मग बाई म्हणतो. लेकरू तेवढं दाखवा." मी फोन ठेवला. देव्हाऱ्यातली वात मोठी झाली होती, ती नीट केली.

समरने विचारलं, एकवीस झाले का. म्हटलं, आईला तिथे नवं घर मिळालं, ती तिथेच राहणार. त्याला रडू आलं नाही. लहान आहे. सातच्या आतलं मूल.

शनिवार, १ फेब्रुवारी

तनिषाचं शाळेतलं बोलणं झालं, पहिली आली. सांगायला पळत आली आणि आल्याआल्या, मामी कुठाय. तिला कुणी सांगितलं नव्हतं. मंजिरीलाही मी म्हटलं होतं ऑपरेशन लांबलंय.

मी सांगितलं. शांतपणे, जे झालं ते. तिने बॅग खाली ठेवली. मग विचारत गेली. कधी कळलं, कसं कळलं. मी खोटं कशाला बोलू, वहीचं मागचं पान काढून दाखवलं. तारीख, काय पाहिलं, किती वाजता. मराठी ती सावकाश वाचते, बोट ठेवून. दाराशी आली, कपाळाशी आली, नावाशी आली.

"आजी, ही माझी लिस्ट आहे."

म्हटलं, तुझ्याकडूनच शिकले, इतकी शिकलेली नात आहे माझी.

"मी हे सांगितलं कारण ते क्रूएल होतं. तू ऐकून रडली होतीस. मी बघितलंय तुला रडताना."

म्हटलं, ती परक्या देशातली लेकरं. ही आपल्या घरातली गोष्ट.

मी पोहे टाकायला आत गेले. आले तेव्हा वही उघडी होती आणि ती फोनवर त्याचे फोटो काढत होती, पानामागून पान, पुढची बाजूही. काढू दे. त्यात खोटं काही नाही. पासपोर्ट कुठे ठेवलाय, फॉर्म कधी भरला, सगळं तारखेनिशी आहे. उलट कुणी विचारलं तर माझ्याकडे लेखी आहे.

पोहे न खाता गेली. जाताना कोपऱ्यावर त्या धम्मशीलाच्या गाडीत बसताना सीमाने पाहिली म्हणे. सीमाचे डोळे आता चांगले राहिले नाहीत.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

समरला दोन दिवस खोकला. निळा की तपकिरी आधी, आठवेना. फ्रिजवरचा कागद काढून मी मागच्या बाजूला वाणसामान लिहिलं होतं आणि दुकानातच टाकून आले. शेवटी दोन्ही दिले.

शाळेतून बाई आल्या होत्या. विचारत होत्या, हाक मारली तर समर ओ का देत नाही, कानाचं काही आहे का. म्हटलं, कान चांगले आहेत.

सोमवार, १० फेब्रुवारी

पहाटेपासून धुकं. पूजा केली, समरच्या कपाळाला अष्टगंध लावलं, जरा दाट लावलं. डबा भरायला वळले. वळून पाहते तर पोरगा नाही.

वर गेले. बाथरूमचं दार उघडं. वॉशबेसिनशी स्टूल ओढून त्यावर उभा होता. तिचा रुमाल कुठून शोधून काढला होता कोण जाणे, नळाखाली धरून पिळला, हाताने नीट घडी केली, कपाळावरून फिरवला. एकदा, दोनदा. आरशात पाहिलं, राहिलेलं पुसलं. मग पुसलेल्या जागी स्वतःच्याच हाताची दोन बोटं ओठांवर ठेवून टेकवली.

मी विचारलं, कुणी शिकवलं हे. आरशातूनच माझ्याकडे पाहिलं. रुमाल खिशात घातला आणि माझ्या बाजूने वाट काढून खाली गेला. बूट घालून दारापाशी उभा राहिला, शाळेत जायला.

शाळेतून आल्यावर त्याची वरची खोली बघितली पाहिजे. बुरशी तर आहेच.

वहीत नवं पान घेतलं. वर नाव लिहिलं: समर. पट्टी मिळेना, म्हणून पासपोर्टची कड धरून रकाने आखले.